फ्राउ त्सीग्लरची साक्ष

ब्रुसेल्समध्ये बसून कायदे करणाऱ्या मंडळींना मी एरवी शिव्याच घालते. पण दोन हजार अठरा साली त्यांनी एक नियम केला, आणि तेव्हापासून मी देवापुढे दिवा लावताना त्यांचंही नाव घेते. खरी नावं माहीत नाहीत, म्हणून नुसतं 'ब्रुसेल्सवाले' म्हणते. देवाला कळत असेल.

नीट सांगते. मी विभावरी. जर्मनीत, कार्ल्सरूहेत तिसऱ्या मजल्यावर राहते. नवरा श्रीधर, त्याच्या डोक्यात चोवीस तास गिअरबॉक्स फिरत असतात. मुलगी अन्वी, सतरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. मी मराठीत ओरडते, ती जर्मनमध्ये उलट बोलते, त्यामुळे शेजाऱ्यांना आमचं भांडण निम्मंच कळतं. गणपतीला मंडळाचं नाटक असतं ते मी लिहिते, मीच बसवते. तालमीला उशिरा आलेल्या माणसाला मी काय बोलते हे मंडळात नव्या आलेल्यांना आधीच सांगून ठेवतात म्हणे. ठेवू देत. नाटक वेळेवर उभं राहतं ना?

आमच्या मंडळातला कपिल चांगली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून बसला होता. का, तर 'ओसरी' नावाचं ऑनलाइन चॅनल काढायचं. युरोपातल्या मराठी माणसांना घरबसल्या मराठी नाटक-सिनेमा दाखवायचा. पुण्या-मुंबईला खेटे घालून, निर्मात्यांच्या हातापाया पडून त्याने हक्क मिळवले. स्टुटगार्टच्या एका मोठ्या व्हिडिओ कंपनीने त्याला आपल्या प्लॅटफॉर्मवर जागा दिली. नेकारसुल्मला कारखान्यात पाळी करून आलेले इंजिनिअर ओसरी बघायचे. जिथे अख्ख्या गावात एकच मराठी घर आहे, तिथल्या बायका दुपारी ओसरी लावून पोळ्या लाटायच्या. कपिलची बायको कौमुदी स्वतःच्या पगारावर घर चालवत होती आणि एका शब्दाने बोलत नव्हती. असं माणूस मिळायला नशीब लागतं, हे मी कपिलला दर भेटीत सुनावत असे.

दोन हजार एकोणीसच्या मार्चमधली गोष्ट. कपिल आला तो थेट स्वयंपाकघरात, बूटही न काढता. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"ताई, ओसरी बंद होणार."

"अरे, पण झालं काय?"

"युरोपचा नवा कायदा आलाय. ऑनलाइन व्हिडिओ दाखवणाऱ्यांनी दर दहा कार्यक्रमांत तीन युरोपात तयार झालेले ठेवायचे. कायदा देशोदेशी लागू व्हायला वेळ आहे अजून, पण आमची कंपनी म्हणते, आम्ही आत्तापासून तयारी करणार. प्रत्येक चॅनलने आपापला वाटा भरायचा. जूनपर्यंत नाही भरला तर चॅनल काढून टाकणार. आणि माझ्याकडे एकही नाही."

श्रीधरने चहाचा कप खाली ठेवला. "लहान लोकांना सूट असेल की."

"कायद्यात आहे. कंपनीत नाही. कंपनी मोठी, आणि मी तिच्या पोटात."

मी भडकलेच. म्हणजे आम्ही आमच्या पैशाने आमची नाटकं बघणार, आणि त्यात ह्यांचा कोटा! कपिल मात्र मान खाली घालून बसला होता. ओसरी गेली तर त्याची दोन वर्षं पाण्यात, आणि कौमुदीला काय तोंड दाखवायचं? ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं. मी त्याच्यासमोर थालीपीठ ठेवलं आणि म्हटलं, "खा आधी. काढू काहीतरी मार्ग."

पहिला मार्ग काढला तो असा, की आठवलं तरी हसू येतं. कपिलने कुठून तरी एक जुना, स्वस्तातला जर्मन सिनेमा चाचणीपुरता मिळवला. आल्प्सचा डोंगर, एक गुराखी, एक गिरणीवाल्याची पोर आणि पन्नासेक गायी. तो आपण मराठीत डब करायचा, म्हणजे सिनेमा युरोपचा आणि भाषा आपली! आमच्या दिवाणखान्यात माईक लागला. मंडळातल्या हृषिकेशने गुराख्याला अस्सल कोल्हापुरी आवाज दिला. श्रीधरकडे गावचा पाद्री आणि सगळ्या गायी. माझा नवरा इतका मोकळा हंबरू शकतो हे मला लग्नाला वीस वर्षं झाल्यावर कळलं.

आणि ऐन रंगात आल्यावर खालून ठक ठक ठक.

ती फ्राउ त्सीग्लर, म्हणजे त्सीग्लरबाई. आमच्या खाली राहायची, ऐंशीच्या घरातली, एकटी. कोर्टाच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेली. जिना पुसायची पाळी कुणी चुकवली, बाटल्या चुकीच्या डब्यात कुणी टाकल्या, सगळ्यावर तिचा डोळा. आमच्या घरात तिचं नाव फौजदारीणबाई. मी इथे तालमी घ्यायला लागल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, तिच्या झाडूचा दांडा आणि आमची फरशी यांचं नातं होतं. आम्ही दर सोमवारी संध्याकाळी जमायचो, आवाज चढला की ठक ठक. जिन्यात भेटलो तर "गुटन टाग" एवढंच. मी तिला सुनावत नव्हते ते केवळ माझं जर्मन रागात गडबडतं म्हणून.

डबिंगचा नमुना सिनेमाच्या मालकाने ऐकला आणि दुसऱ्या दिवशी परवानगी काढून घेतली. कोल्हापुरी गुराखी त्याला झेपला नसावा. त्याचेही आभारच मानते मी आता, कारण तो हो म्हणाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

त्या रात्रीच्या जेवणाला कपिल आणि कौमुदी आमच्याकडेच होते. अन्वी कोशिंबीर वाढून घेताना सहज बोलावं तसं म्हणाली, "आबर मामा, डाइन श्ट्युक इस्ट डोख आउख फॉन हिअर."

आई, तुझं नाटकही इथलंच आहे की. एवढंच म्हणाली कार्टी.

खरंच की! नाटक लिहिलं मी, कार्ल्सरूहेत. बसवलं ह्याच दिवाणखान्यात. काम करणारे सगळे इथेच राहणारे, इथेच कर भरणारे. कपिलने कायद्याचं कलम पुन्हा वाचलं. बनवणारे इथले रहिवासी असले आणि काम इथे झालं असलं की ते युरोपचं. भाषा कुठली हवी, याबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि आमच्यासारखीच हॅनोव्हरच्या मंडळाची नाटकं होती, नेकारसुल्मच्या मंडळाची होती, सगळ्यांची चित्रणं कपाटात पडून. आम्हाला कुणालाच ते सुचलं नव्हतं. पंधरा वर्षं इथे राहून आपण इथले आहोत असं कधी मनात आलंच नव्हतं, तर नाटक इथलं आहे हे कुठून येणार?

"आधी एक नाटक पास करून घेऊ," कपिल म्हणाला. त्याचा आवाज महिन्याभरात पहिल्यांदा माणसासारखा आला. "ते घेतलं की बाकीची घेतील."

मी 'पुढच्या दिवाळीला' दिलं. दोन हजार बाराचं, माझं सगळ्यात लाडकं. परदेशातली मुलगी दरवर्षी आईला सांगते, पुढच्या दिवाळीला नक्की येते. आईचं काम मंडळातल्या नीताने केलं होतं, असं की सभागृहात रुमाल निघाले. पुढे नीता नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली.

आम्ही स्टुटगार्टला गेलो. कंपनीतला हेर ब्रांट, म्हणजे ब्रांटसाहेब, तरुण, गोरागोमटा, फार सभ्य. पाण्याचे ग्लास पुढे केले, दहा मिनिटं नाटक बघितलं आणि म्हणाला, "फारच सुंदर. पण हे भारतीय आहे."

"नाही हो, कार्ल्सरूहे!" मी म्हटलं.

त्याने पडद्याकडे बोट केलं. तिथे माझं नेपथ्य होतं. ज्याचा मला सात वर्षं अभिमान होता ते! भिंतीवर मराठी कालनिर्णयाचं पान, कोपऱ्यात पाण्याचा माठ, दाराला तोरण. विजेची बटणंसुद्धा मी पुण्याहून बॅगेतून आणली होती, जर्मन बटण चुकूनही दिसू नये म्हणून. सभागृहातल्या रेडिएटरवर माझी इरकली टाकून तो झाकला होता. प्रेक्षकाने दोन तास जर्मनी विसरली पाहिजे, असा माझा हट्ट. इतकी कसून विसरायला लावली, की आता जर्मन माणूस मानायलाच तयार नाही.

आम्ही सभागृहाचं बिल दाखवलं. तो मान हलवत म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, प्रयोग इथे झाला. पण भारतातून नाट्यसंस्था येऊन असे प्रयोग करतात, तुमच्याच चॅनलवर आहेत. हे नाटक इथे तयार झालं की तिकडून तयार आलं? आमचा कायदा विभाग मला तेच विचारणार. तुमच्या संस्थेबाहेरचं, तुमच्या नात्यातलं नसलेलं कुणी आहे का, ज्याने ते तयार होताना पाहिलं?"

कपिलने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. नऊ वर्षांत एकाही जर्मन माणसाला मी तालमीच्या खोलीत येऊ दिलं नव्हतं. शिस्त ना माझी!

परतीच्या गाडीत मी त्या ब्रांटला, कंपनीला, ब्रुसेल्सला, सगळ्यांना यथेच्छ बोलून घेतलं. उतरताना कपिल म्हणाला, "राहू दे ताई. तू खूप केलंस. मी नोकरी बघायला लागतो." ते ऐकून माझा राग फुस्सदिशी गेला. त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

घरी आले, पर्स आपटली आणि धाडकन खुर्चीत बसले. आणि खालून ठक ठक.

"अहो," मी श्रीधरला म्हटलं, "एक बाई आहे."

"कोण?"

"बाहेरची. नात्यातली नसलेली. नऊ वर्षं माझ्या प्रत्येक तालमीला हजर."

तो आधी हसला. मग त्याला कळलं, तसा गंभीर झाला. "ती तुझ्या बाजूने कशाला बोलेल?"

तेच तर! मी डब्यात चकल्या भरल्या आणि खाली गेले. बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून एक डोळा आणि चष्मा. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं. ओसरी, कपिल, कायदा, कोटा. मी माफी मागायला लागले आवाजाबद्दल, तेव्हा तिने हात वर करून मला थांबवलं.

"आल्झो, म्हणजे साक्षीदार हवाय," ती म्हणाली. "कधी?"

"सोमवारी."

"ठीक." डबा आत गेला, दार बंद झालं.

सोमवारी ती राखाडी कोट, मोत्यांची माळ आणि काठी अशी तयार होऊन स्टेशनवर आमच्या आधी उभी. माझ्या मनात एकच धाकधूक, तिथे जाऊन ही तक्रारच करणार. बाई कोर्टातली. खरं तेच बोलणार, आणि खरं काय, तर आम्ही गोंगाट करतो.

आणि झालंही तसंच. ब्रांटने विचारलं, "तुम्ही या लोकांना ओळखता?"

"ओळखत नाही. ऐकते," ती म्हणाली. "मी यांच्या खाली राहते. नऊ वर्षं. दर सोमवारी. फार आवाज असतो. पाय आपटतात, खुर्च्या ओढतात. ही बाई सगळ्यात जास्त ओरडते."

कपिलने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं आता सगळं.

"आणि हे नाटक?" ब्रांटने चित्रण लावलं. नीताचा आवाज आला. फ्राउ त्सीग्लरची मान एकदम वर झाली.

"हेच. त्या हिवाळ्यात माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. मी पडून होते. कुणी येणारं नव्हतं. सोमवारी फक्त हे लोक वर यायचे." तिने चष्मा सारखा केला. "मला यातला एक शब्द कळत नाही. पण हे कसं तयार झालं ते मला माहीत आहे. सुरुवातीच्या सोमवारी ही बाई नाटकाच्या शेवटी एक वाक्य म्हणायची."

आणि ती कोर्टवाली बाई, काठीवर दोन्ही हात ठेवून, चक्क मराठीत म्हणाली, "ये गं, दार उघडंच आहे."

उच्चार जर्मन, पण चाल नीताची, अगदी जिथे ती दम घ्यायची तिथे दम घेऊन.

"मग एका सोमवारी ते वाक्य गेलं," ती ब्रांटला सांगत होती. "त्या जागी दुसरं आलं. पूडच्या दिवालीला बगू. तेच शेवटपर्यंत राहिलं. बाहेरून तयार आलेल्या नाटकात असं होत नाही, तरुण माणसा. हे माझ्या डोक्यावर, माझ्या छतावर तयार झालं." मग ती माझ्याकडे वळली. "आणि ते तुम्ही का काढलंत? पहिलंच चांगलं होतं. मी दर सोमवारी त्या जागी छत ठोकायचे, की ते परत आणा. तुम्ही ऐकलंच नाहीत."

मी रडायला लागले. त्या चकचकीत ऑफिसात, पाण्याच्या ग्लासांसमोर, बांध फुटल्यासारखी. ते वाक्य माझ्या आईचं होतं. शाळेतून आले, कॉलेजातून आले, माहेरपणाला आले, जिन्यात माझं पाऊल वाजलं की आई आतून ओरडायची, ये गं, दार उघडंच आहे. ती गेली त्याच वर्षी मी हे नाटक लिहिलं होतं. नीता ते वाक्य म्हणायला लागली की मला पुढचं दिसेनासं व्हायचं. म्हणून कापलं. सगळ्यांना सांगितलं, वाक्य सपाट आहे. कुणाला कळलं नाही, श्रीधरलासुद्धा. खाली पडून असलेल्या एका बाईला तेवढं कळलं होतं, आणि तिला तर त्यातला शब्दही कळत नव्हता.

ब्रांटने चित्रण थांबवलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "हे युरोपियन आहे. यावर मी सही करतो."

कपिलने आधी फ्राउ त्सीग्लरचा हात धरला आणि मग, तिथेच, वाकून तिला नमस्कार केला. ती घाबरून मागे सरकली. तिला वाटलं, ह्याचं काहीतरी खाली पडलं.

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आता सांगा. त्या वाक्याचा अर्थ काय?"

मी सांगितला. आई म्हणते, आणि कुणाला म्हणते, आणि आतून का ओरडून म्हणते, सगळं. तिने ते दोन-तीनदा हळू आवाजात म्हणून बघितलं.

जूनच्या आत हॅनोव्हरचीही नाटकं आली, नेकारसुल्मचीही. ओसरी राहिली. तिच्यावर 'युरोपातून' अशी नवी ओळ लागली आणि त्या ओळीत पहिलं नाव होतं 'पुढच्या दिवाळीला', विभावरी, कार्ल्सरूहे. श्रीधरने टीव्हीचा फोटो काढून अख्ख्या खानदानाला पाठवला. कौमुदीने मला मिठी मारली आणि इतका वेळ सोडलंच नाही की पोळी करपली. नीताचा अमेरिकेहून फोन आला, ती बोलतच नव्हती, नुसती हुंदके देत होती. मी तिलाही रागावले. सवय आहे.

पुढच्या रविवारी पुरणपोळ्या केल्या. पहिल्या चार, तुपासकट, ताटलीत झाकून घेतल्या आणि खाली निघाले. आभार कसे मानायचे ते जर्मनमध्ये मनात जुळवत होते. तुमच्यामुळे एका माणसाची नोकरी, नव्हे स्वप्न, वाचलं, असं काहीतरी. जिन्यात माझ्या चपलांचा आवाज होत होता, आणि मी एरवी तिच्या भीतीने चपला हातात घेऊन उतरते हे त्या दिवशी लक्षातच राहिलं नाही.

तिच्या दारापाशी पोचले आणि बेलकडे हात नेला. दाराला साखळी नव्हती. दार लोटलेलंही नव्हतं, चांगलं हातभर उघडं होतं. ह्या देशात असं दार मी पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं. मी तशीच उभी राहिले.

आतून, स्वयंपाकघरातून, तिचा आवाज आला.

"ये गं, दार उघडंच आहे."